डावीकडे जड जाणारे चाक

दिवाळीत माहेरी गेले की एकदा तरी होडीतून संगमापर्यंत जायचे, हा माझा नेम आहे. मालवणजवळच्या देवबागच्या खालच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीच्या वेळी नदीचे बाहेर निघालेले पाणी व समुद्राची आत येणारी लाट यांची जिथे गाठ पडते, तिथे पाणी एकाच जागी उभे राहून उसळत असते. या वर्षी त्या पट्ट्याच्या थोडे अलीकडे दादाने चाक माझ्या हाती दिले आणि तो पुढे नाळेकडे नांगराचा दोर आवरायला गेला. होडी पलीकडच्या काठावरच्या भोगव्याच्या बाजूला, म्हणजे डावीकडे वळवायची होती. मी चाक फिरवले तर ते अर्ध्यावर येऊन अडले. आणखी जोर लावल्यावर क्षणभर तसेच थांबले आणि मग एकदम सुटल्यासारखे पुढे गेले, त्यामुळे होडी हवी होती त्याहून जास्त वळली. तिला पुन्हा सरळ करताना उजवीकडे मात्र चाक जवळजवळ आपणहून धावत आले. दादाला विचारले, तेव्हा मागे वळून न पाहताच तो म्हणाला, “तशीच आसा ती. डाव्याक जड जाता, पन चलता.”

ते “चलता” मला रात्री झोपू देईना. होडी पर्यटकांची आहे. तिच्यात लहान मुले बसतात, कधीच पाणी न पाहिलेली घाटावरची माणसे बसतात आणि लाट अंगावर आली की हसतात. दादा ही होडी रोज चालवतो, त्याच्याइतका तिचा स्वभाव कोणाला ठाऊक असणार? पण दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून राहिले आणि चाकाकडे न पाहता त्याच्या खांद्याकडे पाहत राहिले. डावीकडे वळायचे असले की तो आधी उजवा पाय फळीला टेकवत होता, मग अंग पुढे झोकत होता, आणि वळण येण्याच्या बरेच आधी चाकाला हात घालत होता. जडपणा त्याच्या अंगात मुरला होता. तो हळूहळू वाढत गेला असणार, इतका हळूहळू की कोणत्याच सकाळी तो कालच्यापेक्षा वेगळा वाटला नसणार. रोज चाक धरणाऱ्या हाताला दोष सगळ्यात शेवटी कळतो, हे मला त्या बाकावर बसून पटले. त्यात दादाचा दोष मुळीच नाही. हात असाच शिकतो.

बाबांच्या वेळी आमची होडी लाकडी होती आणि तिला सुकाणू होते. सुकाणूची दांडी बाबांच्या काखेत असायची आणि एखादे वेळी ते माझा हात त्या दांडीवर ठेवून वर आपला हात ठेवत. पाण्याचा दाब दांडीतून थेट तळहातात येई. खालून प्रवाह कसा वाहतो आहे, वाळूचा उंचवटा जवळ आला आहे का, हे त्या दाबावरून कळते असे ते म्हणत आणि थोडेफार मलाही कळायला लागले होते. त्या दांडीत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. बिजागऱ्या सैल झाल्या की नुसत्या डोळ्यांना दिसत आणि कानांना ऐकू येत.

दादाच्या आताच्या होडीसारख्या आउटबोर्डच्या होडीला सुकाणू नसतेच. मागच्या फळीवर टांगलेले अख्खे इंजिन पंख्यासकट डावीकडे-उजवीकडे फिरते आणि पंखा पाणी ज्या दिशेने मागे फेकतो त्यावर होडीचे वळणे ठरते. 1909 मध्ये ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेत आपले आउटबोर्ड इंजिन विकायला सुरुवात केली, तेव्हापासून आजवर तत्त्व हेच आहे. याचा एक परिणाम नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. इंजिन न्यूट्रलला टाकले की होडीची दिशाही जवळजवळ हातातून जाते. सुकाणूच्या होडीला नुसता वेग असला तरी ती वळते, पण आउटबोर्डच्या होडीला वळायला पंख्याचा जोर लागतो. म्हणून जेटीला लावताना घाबरून गिअर काढणारा माणूस होडी हमखास खांबावर नेऊन आदळतो आणि सरावलेला माणूस अगदी शेवटपर्यंत थोडा थोडा जोर देत राहतो. ओहोटीच्या संगमावर जोर आणि दिशा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. तिथे चाक अर्ध्यावर अडून चालत नाही.

मालवणहून मिस्त्री आले ते सुकतीच्या वेळी. होडी वाळूवर टेकलेली होती आणि इंजिनाखाली घोट्याएवढे पाणी होते. दादाने तक्रार सांगायला सुरुवात करताच त्यांनी हात वर केला. “आदी दांडो सोड, मगे बोल.” त्यांचे हे वाक्य मला फार आवडले. चाकापासून इंजिनापर्यंत सगळे एका माळेत जोडलेले असते. चाकामागे गिअरचा डबा, त्या डब्यातून निघणारी जाड केबल, केबलच्या शेवटी स्टीलचा 5/8 इंच जाडीचा चकचकीत दांडा, तो दांडा ज्यातून सरकतो ती टिल्ट ट्यूब नावाची नळी, दांड्याच्या टोकापासून इंजिनाच्या मानेपर्यंत जाणारी छोटी जोडदांडी, आणि शेवटी ज्या उभ्या खुंटावर इंजिन फिरते तो खुंट. यांतले काहीही आखडले तरी चाकाला एकच गोष्ट कळते, की जड जाते आहे. चाक धरून कितीही अंदाज बांधले तरी माळेतला कोणता मणी अडला आहे ते तिथून समजत नाही. म्हणून माळ मधेच सोडवायची आणि प्रत्येक तुकडा वेगळा हलवून पाहायचा.

मिस्त्रींनी जोडदांडीचा बोल्ट काढला आणि मला इंजिन हाताने फिरवायला सांगितले. ते एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. म्हणजे खुंट आणि त्याचे ग्रीस ठीक होते. इंजिन आखडलेले असते तर ग्रीसगन घेऊन खुंटाच्या निपलांकडे, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडांकडे, वळायचे होते. मग दादाने चाक फिरवले. इंजिन आता जोडलेलेच नव्हते, तरीही चाक तितकेच जड, आणि नळीच्या तोंडातून दांडा बाहेर येताना कण्हल्यासारखा आवाज. मिस्त्रींनी केबलचा मोठा नट सोडला. तो टिल्ट ट्यूबच्या तोंडावरच्या 7/8 इंची आट्यांवर बसतो आणि समुद्रावरच्या होडीत सहसा पान्याला सहज वश होत नाही. रात्रीच तेल मारून ठेवले होते म्हणून तो निघाला. दांडा नळीतून ओढून पूर्ण बाहेर काढल्यावर दादाने पुन्हा चाक फिरवले आणि ते गरगर फिरले. डबा ठीक, केबलही त्या क्षणापुरती ठीक. अडत होते ते नळीत.

नळीत काय होते ते मी जवळून पाहिले.

ही टिल्ट ट्यूब दोन कामे करते. केबलचा दांडा तिच्यातून सरकतो आणि इंजिन वर उचलताना ते तिच्याच भोवती झुलते. ती मागच्या फळीच्या वर, पंख्याने उडवलेल्या खाऱ्या तुषारांत कायम भिजते आणि उन्हात कायम वाळते. कधीकाळी भरलेल्या ग्रीसचे आत तपकिरी, मेणासारखे घट्ट कवच झाले होते. त्यात बारीक वाळू रुतली होती आणि खाली गंजाचे पापुद्रे होते. दांड्यावरही नेमका जिथपर्यंत तो नळीत बसत होता तिथे एक खरखरीत पट्टा उठला होता. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे स्टील आरशासारखे स्वच्छ होते. चाक अर्ध्यावर अडत होते ते ठिकाण हेच. मी त्या पट्ट्यावरून नख फिरवले आणि त्या दिवशी संगमावर हाताला जाणवलेले थांबणे आणि सुटणे मला त्या नखात पुन्हा जाणवले. इतका मोठा धोका आणि त्याचे मूळ जेमतेम दोन बोटांच्या रुंदीचे.

मिस्त्रींनी रॉकेल आणि लांब दांड्याचा तारेचा ब्रश घेऊन नळी साफ केली. ब्रश प्रत्येक वेळी बाहेर येताना काळा गाळ घेऊन येई. तो फडक्याला पुसायचा आणि पुन्हा आत घालायचा. दांड्यावरचा खरखरीत पट्टा त्यांनी पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढला. दादाला घाई होती आणि त्याने ब्लो टॉर्चचे नाव काढले, तेव्हा मिस्त्रींनी मागच्या पेट्रोलच्या टाकीकडे नुसते बोट दाखवले. दांडा नळीत अडकून बसला असेल तर हातोडीने थेट त्याच्या टोकावर मारू नये, हेही त्यांनी सांगितले. टोक पसरते आणि मग दांडा नळीतून निघतच नाही; मधे लाकडाचा ठोकळा धरावा आणि तेलाला मुरायला वेळ द्यावा. हातोडीपेक्षा एक रात्र जास्त काम करते, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांच्या हातांकडे पाहून ते खोटे वाटत नव्हते.

ग्रीस भरण्यालाही रीत आहे, आणि ती न पाळल्यामुळे चांगल्या केबली वाया जातात. दांडा बाहेर निघालेला असताना निपलमधून ग्रीस दाबले तर ते नळीत साठते आणि मग दांडा आत यायला जागाच उरत नाही. कोंडलेले ग्रीस त्याला पाण्याच्या दाबासारखे अडवून धरते आणि चाक दगडासारखे होते. म्हणून आधी चाक फिरवून दांडा नळीत पूर्ण आत घ्यायचा, मगच ग्रीस भरायचे, मग चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बाहेर आलेले जादा ग्रीस पुसून टाकायचे. ग्रीसही खाऱ्या पाण्यात न धुपणारे मरीन ग्रीस हवे. गाडीच्या डब्यातले उरलेले चालवून घेणारे आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत आणि नळीत मेण कसे तयार होते याचे उत्तर बहुतेक वेळा त्या डब्यात असते.

जोडदांडीचा बोल्ट परत बसवताना मिस्त्रींनी जुना नट बाजूला टाकला आणि खिशातून नवा काढला. त्याच्या आत नायलॉनची कडी असते, ती बोल्टच्या आट्यांना घट्ट धरून ठेवते. एकदा काढलेल्या नटाची ती पकड पुन्हा तशी राहत नाही. साधा नट इंजिनाच्या थरथरण्याने सुटत जातो आणि एखाद्या दिवशी जोडदांडी निखळून पडते. पुढे काय होते ते मिस्त्रींनी वाळूवर बोटाने एक वर्तुळ काढून दाखवले. पंख्याच्या फिरण्याचा स्वतःचा एक पीळ असतो. तो मोकळ्या इंजिनाला एका बाजूला फेकतो, होडी झटक्यात वळते, उभा माणूस पाण्यात पडतो आणि चालकाविना होडी तिथल्या तिथे गोल फिरत त्याच्याच अंगावर परत येते. यासाठीच ती लाल पिळाची दोरी असते, तिचे एक टोक इंजिनाच्या स्विचला आणि दुसरे चालकाच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला. चालक जागचा हलला की इंजिन बंद. आमच्या होडीत ती दोरी चाकाशेजारच्या हुकाला अडकवलेली असायची. आता ती दादाच्या मनगटाला असते. याबाबत मी त्याच्याशी वाद घालायला तयारच होते, पण वाळूवरचे ते वर्तुळ पाहिल्यावर त्याने वाद घातला नाही.

भरती आल्यावर आम्ही होडी पाण्यात नेली. जागच्या जागी चाक लोण्यासारखे फिरत होते. दादा हसला. पण नदीच्या मधोमध येऊन त्याने वेग वाढवला आणि त्याचा खांदा पुन्हा डावीकडे झुकला. मी चाक हातात घेतले. ते आता अडत नव्हते, सरळ फिरत होते, पण होडी सतत उजवीकडे ओढ घेत होती आणि तिला सरळ ठेवायला डावीकडे जोर लावून धरावे लागत होते. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते, आणि दोन्ही एकाच बाजूला पडत असल्यामुळे एकमेकांच्या आड लपले होते. होडी उभी असतानाही जड गेले तर अडचण यंत्रात शोधायची. फक्त वेगात जड गेले आणि तेही एकाच बाजूला, तर पाण्यात शोधायची. ही इतकी सोपी कसोटी आहे की ती कोणालाही जेटीवर उभ्या उभ्या करता येईल. आमच्यापैकी कोणी ती केली नव्हती, कारण तक्रारच कोणी केली नव्हती.

मिस्त्रींनी इंजिन वर उचलून पंख्यावरच्या आडव्या पाटीखाली हात घातला. तिथे माशाच्या परासारखी एक छोटी पाती असते, तिला ट्रिम टॅब म्हणतात. आमच्यासारख्या इंजिनांत ती जस्ताची असते आणि तीही दोन कामे करते. एक, पंख्याच्या पिळाच्या विरुद्ध पाण्याचा थोडा रेटा घेऊन चाक हलके ठेवते. दोन, खाऱ्या पाण्यात स्वतः झिजून इंजिनाचे अॅल्युमिनियम वाचवते. दुसरे काम तिने इतके निष्ठेने केले होते की पहिल्यासाठी ती उरलीच नव्हती. पातीच्या जागी खड्डे पडलेला, पांढरट, मऊ असा एक तुकडा होता. मला त्या तुकड्याबद्दल आदर वाटला. दुकानात मिळणारी ही लहानशी वस्तू वेळेवर बदलली नाही तर पुढे इंजिनाचे पायच खाल्ले जातात. काही जण पावसाळ्यात होडी रंगवताना जस्तावरही रंगाचा हात फिरवतात. रंग लागला की ते झिजत नाही, आणि ते झिजत नाही म्हणजे त्याच्याऐवजी इंजिन झिजते.

नवी पाती बसवताना नियम ऐकायला उलटा वाटतो. होडी उजवीकडे ओढत असेल तर पातीचे मागचे टोक उजवीकडेच वळवायचे. पाणी त्या टोकाला डावीकडे ढकलते आणि त्याबरोबर इंजिनही डावीकडे कलते, मग चाकावरचा भार उतरतो. बोल्ट सैल करायचा, टोक किंचित वळवायचे, घट्ट करायचे, एक फेरी मारायची, पुन्हा थोडे वळवायचे. हे जुळवणे एकाच वेगासाठी अचूक होते. नेहमीच्या वेगाला, नेहमी बसतात तेवढी माणसे बसलेली असताना ते करावे, म्हणून आम्ही शेजारच्या घरातली मुले होडीत भरली आणि ती फार खूश झाली. इंजिनाचा कलही पाहावा लागला. इंजिन किती कलते ठेवायचे ते ठरवणारी टिल्टची पिन आतल्या भोकात असली की उजवीकडची ओढ वाढते, आणि दादाने लाटांत नाळ उडू नये म्हणून ती पिन केव्हापासून आतच ठेवली होती. ती एक भोक बाहेर घेतली तेव्हा उरलेली ओढही बरीच गेली. लाटांतून जाताना मात्र आता त्याला जास्त जपावे लागते, आणि हा व्यवहार फायद्याचा झाला की नाही यावर त्याचे आणि माझे अजून एकमत नाही.

दादाला हलके चाक लगेच मानवले नाही. पहिल्याच फेरीत त्याने सवयीने अंग झोकले आणि होडी इतकी वळली की मागच्या बाकावरची बाई घाबरून ओरडली. दिवसभर तो जेटीला लावताना चुकत राहिला. संध्याकाळी त्याने मिस्त्रींना फोन करून चाक थोडे घट्ट करता येईल का असे विचारले, तेव्हा मला त्याचे वाईट वाटले. त्या जडपणाशी जमवून घेण्यात त्याची बरीच ताकद आणि बरेच कसब खर्च झाले होते आणि एका दुपारी आम्ही ते कसब निरुपयोगी करून टाकले होते. संगमाच्या उसळत्या पाण्यातून त्या चाकाने कोणालाही दुखापत न होता होडी आणणे सोपे नव्हते. ते त्याने केले होते आणि कोणी पाहिले नव्हते. मिस्त्रींनी त्याला चार दिवस थांबायला सांगितले. तिसऱ्या दिवशी तो एका हाताने होडी वळवत दुसऱ्या हाताने पर्यटकांना खंड्या पक्षी दाखवत होता.

मिस्त्रींनी हायड्रॉलिक स्टिअरिंगचाही विषय काढला होता. त्यात केबल नसते, चाकामागच्या पंपातून तेल नळ्यांतून इंजिनाजवळच्या सिलिंडरमध्ये जाते आणि पंख्याची ओढ चाकापर्यंत येत नाही. मोठ्या इंजिनांना ते हवेच. 40 अश्वशक्तीच्या आमच्या इंजिनाला तो खर्च मला पटत नाही, आणि त्यातही तेलात हवा शिरली की चाक स्पंजासारखे लागते, सील गळले की नुसतेच फिरत राहते. शिवाय मला ती थोडीशी ओढ हाताला लागलेली बरी वाटते. पाण्याखाली काही बदलले तर तेवढ्याच वाटेने ते आपल्याला कळते.

केबल मात्र बदलायलाच हवी. मागच्या फळीजवळ, जिथे ती वळून नळीकडे येते, तिथे तिचे प्लास्टिकचे आवरण उलले आहे. फटीतून नखाला गंजाची पूड लागते. आतली तार गंजून फुगली की तिच्यावर इलाज नाही. फटीत तेल सोडणारे लोक आहेत, त्याने दोन आठवडे बरे वाटते आणि मग ती अडते, कधी नेमकी वळणावर. केबलची लांबी तिच्या आवरणावरच छापलेली असते. तो आकडा मी खरडून, पुसून, वाचून वहीत लिहून घेतला आहे. दादा म्हणतो, जूनमध्ये होडी वर काढू तेव्हा सावकाश बदलू, आता हंगाम आहे आणि एक दिवस होडी बंद ठेवणे म्हणजे नुकसान. मी त्याला सांगितले आहे की नाताळची गर्दी सुरू होण्याच्या आत ती बदलली पाहिजे आणि त्या दिवसाचे नुकसान मी भरीन. त्याने अजून हो म्हटलेले नाही. मिस्त्रींकडून मी भाव मागवून ठेवला आहे.